डुकरांचे फुप्फुसरोग आणि लस : प्रयोगशाळेइतकीच गावाचीही जबाबदारी

मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी बैल, गाय व म्हैस यांना घटसर्पाची लस टोचून घ्यावी, ही गोष्ट आता बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्यास मुद्दाम सांगावी लागत नाही. घाटावरील चिखली-मेहकरचे गाव असो की घाटाखालील नांदुरा-जळगाव जामोदचे असो, मे महिना सरत आला की पशुवैद्यकीय दवाखान्याकडे लशीची चौकशी सुरू होते. ठरल्या दिवशी सकाळी जनावरे निंबाखाली जमतात, लस टोचली जाते, वहीत नोंद होते आणि पेरणीच्या तोंडावर बैल दगावण्याची धास्ती पुष्कळशी कमी होते. हे समाधानाचे चित्र आहे. परंतु या चित्रात एक जागा बहुधा रिकामी असते. गावाच्या कडेला दोनचार डुकरिणी व त्यांची पिल्ले बाळगून संसार चालविणारे एखादे कुटुंब असते. त्यास या दिवशी कोणी बोलावीत नाही. आणि बोलावले नसल्यामुळे तेही येत नाही. डुकरासाठीही लस असते, ही वार्ताच पुष्कळदा त्याच्या कानी गेलेली नसते.

प्रस्तुत लेखात आम्हांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली अशी की, घटसर्पाच्या लसीकरणातून डुकरांस वगळणे शास्त्राच्या व व्यवहाराच्या दोन्ही दृष्टींनी चुकीचे आहे. दुसरी अशी की, डुकरांच्या जंतुजन्य श्वसनरोगांवर अधिक चांगल्या लशी तयार व्हावयाच्या असतील, तर ते काम केवळ शहरातील शास्त्रज्ञांवर सोपवून भागणार नाही. त्याचा पहिला टप्पा खेड्यातच पुरा करावा लागेल. या दोन्ही गोष्टींचा भार ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांवर आणि पशुपालकांवर आहे, म्हणून हा विचार त्यांच्यापुढे ठेवीत आहोत.

एकच जंतू, अनेक गोठे

घटसर्प ज्या जंतूमुळे होतो त्याचे नाव पाश्चुरेला मल्टोसिडा. फ्रान्समधील थोर शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांच्या सन्मानार्थ हे नाव दिले गेले. सन १८७९-८० च्या सुमारास पाश्चर कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा अभ्यास करीत असता त्यांच्या ध्यानात आले की, बरेच दिवस पडून राहिलेले जंतू टोचले तर कोंबडी मरत नाही. आणि पुढे तिला ताजे, जहाल जंतू टोचले तरी ती तग धरते. जंतू दुर्बळ करून त्यापासूनच रोगाचे निवारण करता येते, हे त्या प्रयोगशाळेत प्रथम सिद्ध झाले. कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा तो जंतू आणि आपल्या गोठ्यातील घटसर्पाचा जंतू एकाच जातीचे आहेत. त्यांचे प्रकार तेवढे निराळे. जंतुजन्य रोगांवरील लशींच्या इतिहासाचा आरंभ ज्या जंतूपासून झाला, तोच आजही आपल्या जनावरांचा प्राण घेत आहे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आशिया खंडात गायी-म्हशींस घटसर्प देणारा प्रकार 'बी' या अक्षराने ओळखला जातो. हाच प्रकार डुकरांसही ग्रासतो. आपल्या देशात डुकरांमध्ये असे उद्रेक झालेले आहेत. रोगी डुकरास एकाएकी जोराचा ताप भरतो, ते खाणे सोडते, त्यास धाप लागते, कुशी उडू लागतात, घसा व मान सुजते, कान, पोट व मांड्यांची कातडी लालसर-जांभळी पडते आणि कित्येकदा उपचाराची व्यवस्था होण्यापूर्वीच जनावर मरते. पावसाळ्यातील ओल, उपासमार, लांबचा प्रवास व गर्दी यांमुळे जनावराची शक्ती क्षीण झाली म्हणजे हा जंतू बळावतो. बरी झालेली किंवा वरून निरोगी दिसणारी काही जनावरे आपल्या घशात हा जंतू बाळगून असतात आणि योग्य संधी मिळताच तो इतरांत पसरतो.

आता प्रश्न असा की, जो जंतू गाय, म्हैस व डुक्कर असा भेद मानीत नाही, त्याच्याविरुद्ध मोहीम आखताना आपण तो भेद का मानावा? नाल्याचे पाणी एकच, गावठाणाची कड एकच, पावसाळी चिखलही एकच. गावातील बहुसंख्य जनावरे सुरक्षित करून एक कळप उघडा ठेवणे म्हणजे शेताला तीन बाजूंनी कुंपण घालून चौथी बाजू मोकळी सोडण्यासारखे आहे. शासनाच्या धोरणातही असा भेद नाही. सन २०१९ मध्ये लाळ-खुरकूत रोगाच्या नियंत्रणाचा जो राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यात गायी, म्हशी, शेळ्या व मेंढ्यांच्या जोडीस डुकरांचाही स्पष्ट समावेश करण्यात आला. म्हणजे डुक्कर हे लसीकरणास पात्र असे पशुधन आहे, हे तत्त्व मान्य झालेले आहे. ते गावाच्या कडेपर्यंत पोहोचवावयाचे तेवढे उरले आहे.

फुप्फुसाचे इतर शत्रू

डुकरास खोकला आला म्हणजे तो घटसर्पच, असे मात्र समजू नये. डुकरांच्या फुप्फुसावर चाल करून येणारे जंतू अनेक आहेत आणि ते पुष्कळदा एकमेकांच्या साहाय्याने काम करतात.

त्यांपैकी एक मायकोप्लाझ्मा हायोन्युमोनिए. हा अतिशय सूक्ष्म जंतू श्वासनलिकेच्या आतील केसांसारख्या तंतूंचा नाश करतो. हे तंतू धूळ व जंतू बाहेर लोटण्याचे काम करीत असतात. ते नष्ट झाले की इतर जंतूंस फुप्फुसाची वाट मोकळी होते. अशी डुकरे लगेच मरत नाहीत. त्यांना कोरडा खोकला लागतो, खाद्य अंगी लागत नाही आणि विक्रीस येण्यास ती बरेच दिवस अधिक घेतात. मालकास तोटा दिसत नाही, पण तो रोज होत असतो. या जंतूस बाहेरचे कवच नसल्यामुळे पेनिसिलीन त्यावर चालत नाही, हेही कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे.

दुसरा जंतू अॅक्टिनोबॅसिलस प्लुरोन्युमोनिए. हा विषे निर्माण करतो आणि ती फुप्फुसाच्या पेशी व रक्तातील पांढऱ्या पेशी यांचा नाश करतात. संध्याकाळी धडधाकट दिसणारे डुक्कर सकाळी तोंडाशी रक्तमिश्रित फेस येऊन मेलेले आढळावे, असा या रोगाचा तीव्र प्रकार असतो. तिसरा रोग नाकाचा. बॉर्डेटेला आणि पाश्चुरेलाचा विषारी प्रकार हे दोघे मिळून पिल्लांच्या नाकातील कोवळी हाडे झिजवितात. पिल्ले शिंकतात, नाकातून रक्त येते आणि नाकाड वाकडे होते.

या रोगांवर जगात लशी आहेत. परंतु प्रत्येक लशीची मर्यादा आहे. मायकोप्लाझ्माच्या लशीने खोकला व फुप्फुसावरील व्रण कमी होतात आणि वाढ सुधारते. तरी जंतूचा शिरकाव ती पूर्णपणे थांबवीत नाही. अॅक्टिनोबॅसिलसचे आजवर १९ प्रकार ओळखले गेले आहेत आणि मृत जंतूंपासून केलेली साधी लस ज्या प्रकारापासून बनविली असेल, प्रायः त्याच प्रकारास रोखते. म्हणून शास्त्रज्ञांनी जंतूऐवजी त्याच्या विषांवरच लक्ष दिले. ती विषे निरुपद्रवी करून त्यांची लस तयार केली, कारण थोडीच विषे निरनिराळ्या प्रकारांत समान असतात. नाकाच्या रोगावरही विषाचीच लस प्रभावी ठरते. ती गाभण डुकरिणीस टोचतात, म्हणजे संरक्षण चिकातून पिल्लांस मिळते. या उदाहरणांवरून हे दिसून येते की, लस तयार करताना शत्रूचा नेमका प्रकार, त्याचे शस्त्र आणि जनावराचे वय या तिन्ही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात.

लस कशी घडते

लशीच्या विद्येशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. सन १८८९ मध्ये जनावरांच्या रोगांचे संशोधन करणारी शाही जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा पुण्यास स्थापन झाली. संसर्गजन्य रोगांवरील काम दाट वस्तीपासून दूर व्हावे, म्हणून ती सन १८९३ मध्ये हिमालयातील मुक्तेश्वर येथे नेण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. तिचे मुख्य केंद्र इज्जतनगर येथे आहे. पुढे सन १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले तेव्हा डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहानशा जागेत प्लेगचे जंतू मटणाच्या रसात वाढविले, उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली.

घटसर्पाच्या लशीची मूळ रीतही अशीच आहे. निवडलेला जंतू पोषक द्रवात वाढवावयाचा, फॉर्मेलीनसारख्या द्रव्याने मारावयाचा आणि त्यास तुरटी किंवा तेल यांची जोड द्यावयाची. जोड देण्याचे कारण असे की, नुसते मृत जंतू शरीरातून लवकर निघून जातात. तुरटी किंवा तेल त्यांस टोचल्या जागी धरून ठेवते आणि शरीरास प्रतिकारशक्ती उभारण्यास अवधी मिळतो. तुरटीच्या लशीचे संरक्षण सुमारे ४ ते ६ महिने टिकते. तेलाच्या लशीचे त्याहून बरेच अधिक, वर्षाच्या जवळपास टिकते. परंतु तेलाची लस दाट असते, टोचावयास कठीण जाते आणि कधी कधी टोचल्या जागी गाठ येते. महाराष्ट्रात पुणे येथील पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था घटसर्पाची व इतर लशी तयार करते.

कुपी गावात येण्यापूर्वी तिला कसोट्यांतून जावे लागते. तीत दुसरा कोणताही जंतू नाही ना, ती टोचल्याने जनावरास अपाय होत नाही ना, आणि ती रोगापासून खरोखर वाचविते ना, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून लस बाहेर पडू नये. ही सावधगिरी उगाच नाही. सन १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. दोष लशीच्या विद्येचा नव्हता. एका बाटलीत बाहेरून जंतू शिरले होते. हाफकिन यांच्यावर मोठा ठपका आला आणि निर्दोष ठरण्यास त्यांना पाच वर्षे लागली. सुई उकळण्याचा किंवा बाटलीचे बूच पुसण्याचा ज्याला कंटाळा येतो, त्याने मुलकोवालची आठवण ठेवावी.

डुकरांच्याच बाबतीत एक जवळचे उदाहरण आहे. वराहज्वर हा विषाणूचा रोग आहे. त्यावरील जुनी लस सशांच्या शरीरात वाढवून तयार करीत; एका सशापासून सुमारे ५० मात्रा मिळत. त्यामुळे लस नेहमीच अपुरी पडे. भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवर ही लस तयार करण्याची रीत बसविली आणि सन २०२० मध्ये ती प्रसिद्ध झाली. देशी विषाणूपासून, देशी संस्थेत व स्वस्त किमतीत डुकरांची लस होऊ शकते, हे यावरून सिद्ध झाले. मग श्वसनरोगांच्या जंतूंवर अशीच देशी लस का होऊ नये? आमच्या मते ती व्हावी. आणि घटसर्पाचा जंतू, मायकोप्लाझ्मा व अॅक्टिनोबॅसिलस यांपैकी आपल्या कळपांत जे खरोखर आढळतात त्यांचा विचार करून ती व्हावी. परदेशातील कळपांच्या जंतूंवर बेतलेली लस आपल्या नाल्याकाठच्या डुकरास हुबेहूब लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही.

पहिला टप्पा गावातच

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपल्या कळपांत कोणते जंतू आहेत हे प्रयोगशाळेस कसे कळावे? त्याचा मार्ग एकच आहे : आजारी व मेलेल्या जनावरांचे नमुने तेथे पोहोचले पाहिजेत. गाय किंवा बैल मेला तर शेतकरी निदान दवाखान्यात कळवितो. डुक्कर मेले तर ते रात्रीच्या अंधारात नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकले जाते. त्याबरोबर रोगाचा पुरावाही जातो आणि रोग मात्र मागे राहतो. ज्या रोगाची नोंदच होत नाही, त्याच्या लशीसाठी पैसा व माणसे कोणी द्यावी? मागणीच्या वहीत ज्याचे नाव नाही, त्यास धान्य मिळत नाही, तसाच हा प्रकार आहे.

म्हणून डुकरांत मरतूक दिसताच पशुपालकाने त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. १९६२ या क्रमांकावरही दूरध्वनी करता येतो. मेलेले जनावर स्वतः फाडू नये. नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळसर रक्त येत असेल, तर तो काळपुळीचा रोग असण्याची शक्यता असते. असे जनावर उघडल्यास माणसाच्याही जिवास धोका असतो. नमुना कोणता व कसा घ्यावयाचा हे पशुधन विकास अधिकारी ठरवितात. कानाच्या शिरेतील रक्ताचा काचपट्टीवर घेतलेला थर, फुप्फुसाचा बर्फात ठेवलेला तुकडा, नाकातील स्राव, असे हे नमुने असतात. जनावर मरून बराच वेळ लोटला असेल, तर मांस काढून स्वच्छ केलेले पायाचे लांब हाडही घटसर्पाच्या तपासणीस उपयोगी पडते, कारण हाडाच्या मगजात जंतू उशिरापर्यंत टिकतो. औषधे देण्यापूर्वी घेतलेला नमुना सर्वांत चांगला. प्रतिजैविकाची सुई दिल्यावर जंतू हाती लागणे कठीण जाते.

आणखी एक इशारा. सन २०२० पासून आपल्या देशात आफ्रिकन वराहज्वर हा भयंकर विषाणुरोग शिरला आहे. त्यावर उपचार नाही आणि आपल्याकडे त्याची लस वापरात नाही. तेव्हा लागोपाठ डुकरे मरू लागली म्हणजे 'फुप्फुस धरले असेल' असे म्हणून गप्प बसणे धोक्याचे आहे. निदान होईपर्यंत कळपातील डुकरे विकू नयेत, हलवू नयेत आणि मेलेली जनावरे खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावीत.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा येतो की, आपल्या भागात डुकरे आहेत किती? सन २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे देशात सुमारे ९०.६ लक्ष डुकरे होती व त्यांत पूर्वीच्या गणनेपेक्षा सुमारे १२ टक्के घट झाली होती. त्यांचा मोठा भाग आसाम व ईशान्येकडील इतर राज्यांत आहे. महाराष्ट्राचा वाटा लहान आहे, हे खरे. परंतु संख्या लहान असली तरी ती कोणाच्या हाती आहे हे पाहिले पाहिजे. आपल्याकडे डुकरे पाळणारी कुटुंबे बहुधा भूमिहीन आहेत. ज्याच्याजवळ पाच एकर कपाशी आहे, त्याचे एक जनावर गेले तर तो दुःखी होतो. ज्याच्याजवळ चार डुकरिणींवाचून काही नाही, त्याच्या दोन गेल्या तर त्याच्या मुलाची शाळा सुटते. शासकीय योजनेचे मोल किती जनावरे वाचली यावरून जसे ठरते, तसे कोणाची वाचली यावरूनही ठरले पाहिजे.

दुसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण तोच सर्वांत बळकट आहे. डुक्कर म्हणजे घाणेरडा प्राणी आणि तो पाळणारा म्हणजे गावकुसाबाहेरचा माणूस, ही जुनी समजूत अजून पुरती गेलेली नाही. त्यातच रानडुकरांनी मका-ज्वारीची नासाडी करून शेतकऱ्यास जेरीस आणले आहे आणि त्या रागाचा थोडा अंश पाळीव डुकरांच्या वाट्यास येतो. परंतु रानडुकराचा गुन्हा पाळीव डुकरावर लादणे न्यायाचे नव्हे. आणि जनावराबद्दलची शिसारी त्याच्या मालकावर काढणे तर माणुसकीचे नव्हे. वडार, कैकाडी आणि इतर समाजांतील कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवसाय सांभाळला आहे. लसीकरणाची दवंडी त्यांच्या वस्तीपर्यंत गेली पाहिजे, आणि लस टोचणारा तेथे पायी गेला पाहिजे. कार्यकर्त्याच्या कामाची खरी परीक्षा चावडीपाशी होत नाही, ती गावाच्या कडेला होते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. लशीची एवढी खटपट करण्यापेक्षा आजारी पडल्यावर औषध द्यावे, असे काहीजण म्हणतात. घटसर्पात लवकर दिलेले औषध गुण देते हे खरे. पण रोगाची चाल इतकी जलद असते की औषध आणीपर्यंत वेळ निघून जाते. शिवाय खोकला दिसला की प्रतिजैविक, ताप दिसला की प्रतिजैविक, अशी सवय लागली म्हणजे जंतू त्या औषधास दाद देईनासे होतात आणि तीच औषधे पुढे माणसासही लागू पडत नाहीत. कोलिस्टिन हे माणसांसाठी राखून ठेवावयाचे औषध खाद्योपयोगी जनावरांस देण्यावर भारत सरकारने सन २०१९ मध्ये बंदी घातली, ती याच भीतीने. जो रोग लशीने टळतो त्यावर औषध खर्च करणे, हे घरास लागलेली आग विझविण्यासाठी पिण्याच्या पाण्याचा हौद रिता करण्यासारखे आहे.

लस आणि निवारा

तथापि लशीची स्तुती करताना तिच्यावर अवाजवी भार टाकणेही बरोबर नाही. दमट, कोंदट व गर्दीच्या खोपटात राहणाऱ्या डुकरास कोणतीही लस पुरेशी होणार नाही. मुताच्या उग्र वासाने श्वासनलिका सतत चुरचुरत राहते आणि जंतूंस आयती वाट मिळते. म्हणून जमीन उताराची व कोरडी असावी. वारा खेळावा, पण थंडीच्या रात्री झोत थेट पिल्लांच्या अंगावर येऊ नये. लहान व मोठी डुकरे वेगळी ठेवावीत. बाजारातून आणलेले जनावर तीन-चार आठवडे निराळे बांधून मगच कळपात सोडावे. खाणावळीचे उष्टे खाऊ घालावयाचे असल्यास ते चांगले उकळून घ्यावे.

लशीच्या बाबतीत पुढील नियम पाळावेत. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी. ती उन्हात राहू देऊ नये आणि गोठूही देऊ नये. तुरटीची लस एकदा गोठली की तिचा गुण जातो, म्हणून कुपी बर्फास चिकटून ठेवू नये. टोचण्यापूर्वी कुपी चांगली हलवावी. आजारी व तापलेल्या जनावरास लस देऊ नये. डुकराचे वय, वजन व गाभणपण पाहून मात्रा पशुवैद्यकाने ठरवावी. प्रतिकारशक्ती येण्यास दोन ते तीन आठवडे लागतात, तेव्हा लसीकरण मे महिन्यातच उरकावे. पहिला पाऊस पडल्यावर धावपळ करून उपयोग नाही. तेलाची लस टोचणाऱ्याच्या हातात चुकून शिरली, तर ती किरकोळ बाब न मानता ताबडतोब डॉक्टरकडे जावे.

कार्यकर्त्यांस विनंती

ज्यांना अशा मोहिमांच्या फळाविषयी शंका वाटत असेल, त्यांनी बुळकांडीचे स्मरण करावे. ज्या रोगाने गावेच्या गावे बैलांविना केली, तो रोग पिढ्यांच्या चिकाटीच्या लसीकरणाने व नोंदींनी हटला. सन २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि सन २०११ मध्ये सर्व जग तिच्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. त्या यशात मुक्तेश्वरच्या शास्त्रज्ञांचा जेवढा वाटा आहे, तेवढाच उन्हातान्हात पेटी खांद्यावर घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या लस टोचणाऱ्यांचा आहे. त्यांपैकी कित्येकांची नावे आज कोणासही ठाऊक नाहीत. पण त्यांचे काम प्रत्येक गोठ्यात उभे आहे.

डुकरांच्या फुप्फुसरोगांवरील लढाई त्या मानाने लहान आहे आणि जंतुजन्य रोग बुळकांडीप्रमाणे समूळ नाहीसे होतील, असे आश्वासन आम्ही देत नाही. परंतु मरतूक कमी करता येईल, औषधांचा खर्च कमी करता येईल आणि एका दुर्लक्षित वर्गाच्या हाती राहिलेले पशुधन त्याच्याच हाती टिकविता येईल, एवढे निश्चित. त्यासाठी यंदा पावसाळ्यापूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने तीन गोष्टी कराव्यात. आपल्या गावातील डुकरे पाळणाऱ्या कुटुंबांची यादी करावी. घटसर्पाच्या लसीकरणाची मागणी नोंदविताना त्यांच्या डुकरांची संख्या तीत मिळवावी. आणि मरतुकीची वार्ता येताच ती त्याच दिवशी दवाखान्यास पोहोचवावी. पशुपालक बंधू-भगिनींनीही संकोच सोडून लसीकरणाच्या दिवशी आपली जनावरे पुढे आणावीत. लस मागणे हा त्यांचा हक्क आहे, त्यात कोणाचे उपकार नाहीत.

पुढील मे महिन्यात निंबाखाली जेव्हा वही उघडेल, तेव्हा बैल, गाय व म्हैस यांच्या रकान्याशेजारी डुकरांचाही रकाना असावा आणि तो कोरा नसावा.